चव न कळलेले

फुजैराच्या नांगरतळावर रात्री शंभरावर जहाजं उभी असतात.
मोजतो मी. कामच आहे ते:
कुणाला कांदे चाळीस किलो, कुणाला दोरखंड,
कुणाच्या कॅप्टनची दाढ दुखते, त्याला लवंगतेल.
साडेअकराला आमची बोट धक्क्याला लागते.
पावत्या डब्यात, बूट दाराबाहेर,
आणि मग मी सम्राट होतो.

सम्राट म्हणजे मांडीवर लॅपटॉप, हातात कालचा खबूस.
माझी प्रजा बर्फाखालच्या समुद्रात राहते.
डोळे नाहीत. आवाज नाही.
बोलायचं तर आजूबाजूच्या पाण्याचं मीठ बदलतात
आणि समोरचा ते जिभेनं वाचतो.
जीभ म्हणजे अख्खं अंगच त्यांचं.
हे मीच ठरवलं, रमजानात कामाचे तास कमी होते तेव्हा.
गेम विचारत गेला, मी निवडत गेलो.
स्वभाव: शांत. आयुष्य: लांब.
सैन्याच्या रकान्यात काही भरलं नाही,
गेमनेही आग्रह धरला नाही.

दोनशे वर्षं
(आमचे अकरा शुक्रवार)
बरी गेली.
त्यांनी बर्फ फोडलं, वर आले.
तारे त्यांना दिसले नाहीत,
कोरडे लागले.
पाणी भरून जहाजं बांधली, नावं मी दिली,
हर्णै बंदरातल्या ट्रॉलरांची:
साईकृपा, जलकन्या, भाग्योदय, साईकृपा दोन.

मग ती वाट सापडली.
ताऱ्यांच्या दोन पुंजक्यांमध्ये एकच वाट,
खाडीच्या तोंडाएवढी अरुंद,
आणि पलीकडे एल्दो.

एल्दो म्हणजे प्लायवूडच्या भिंतीपलीकडचा.
दिवसा तेलाच्या टाक्या धुतो, पिरवमचा आहे,
त्याची प्रजा दगडांची, हिशोबात पक्की.
त्याने वाटेच्या तोंडाशी तीन जहाजं लावली.
का रे, विचारलं भिंतीतून.
उभं राहायला भाडं लागत नाही, म्हणाला.

गेम म्हणाला, युद्धाचं कारण निवडा.
सीमा. अपमान. श्रद्धा. खनिजं.
मी माझी वही काढली.
त्यांच्या भाषेतले शब्द लिहून ठेवतो मी तिच्यात,
वेड आहे, मान्य.
शत्रूला शब्द नव्हता.
जवळात जवळचा होता:
ज्याची चव अजून कळली नाही तो.

गेमला हे चालेना.
मी 'अपमान' दाबलं.
कुणाचा, ते त्याने विचारलं नाही.

साईकृपा दोन आधी गेली.
ती लढाऊ नव्हतीच, नमुने गोळा करायची,
निरनिराळ्या ग्रहांवरची मिठं बाटल्यांत भरून.
पडद्यावर एक ठिपका हलत होता, मग नव्हता.
खाली ओळ आली:
नौका गमावल्या एक. जीवितहानी चार हजार.
प्रजेचा आनंद एकाहत्तरवरून सत्तर.

सत्तर.

मी आवाज वाढवून पाहिला.
फक्त एसीची घरघर.
चार हजार जणांनी एकदम काही म्हटलं असेल तर
ते पाणी कुठे सांडलं,
आता ते गोठलेलं फिरतंय का त्या वाटेवर,
आणि वाचायला कोण जाणार तिथे,
हे सांगणारा रकाना मी बराच वेळ शोधला.

भिंतीवर दोन टिचक्या.
म्हणजे पॉज कर.

स्वयंपाकघरात एल्दोने अंडी फोडली होती.
जिंकल्यासारखा दिसत नव्हता,
पाठ दुखत होती त्याची.
उद्याचं काय, म्हणाला.
मी सांगितलं, एका जहाजाने तांदूळ दुप्पट मागवलाय,
पुढे जायचं की थांबायचं ते मालक ठरवेना,
फॉर्मवर वॉर रिस्कच्या चौकटीत
पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय कुणीतरी.
पेन्सिलीने? म्हणाला.
पेन्सिलीने.

खिडकीतून जहाजांचे दिवे.
एकही हलत नव्हता.

त्याने ऑम्लेटचा तुकडा मोडून पुढे केला:
बघ रे, मीठ बरोबर आहे का.
मी चावलं. पुन्हा चावलं.
तो तवा हातात धरून वाट बघत राहिला
आणि मला काही केल्या सांगता येईना.